नाथसागराकाठी उभी असलेली शिडाची बोट मोडीत काढायचीय. कुणी काढलीय का?

कडूलिंब (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न जरा चमत्कारिक आहे, हसू नका. म्हणजे हसा, पण नंतर उत्तरही द्या.

माझे मामा मुंबईच्या गोदीत नोकरीला होते. निवृत्त होऊन पैठणला आले आणि १९९८ साली ट्रकवर घालून एक शिडाची बोट घेऊन आले. २२ फुटी, फायबरची, खाली वजनदार कील (तोल सांभाळणारा बुडाखालचा जड भाग) असलेली. दुष्काळी मुलखात माणूस बोअर घेतो, ट्रॅक्टर घेतो; मामांनी बोट घेतली. दहा-बारा वर्षं त्यांनी नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, ती मनसोक्त चालवली. नंतर गुडघे गेले आणि बोट ओळखीच्या तात्यांच्या बांधावर लोखंडी घोडीवर चढली ती चढलीच. मामा जाऊन आता तीन वर्षं झाली. मामी मुलीकडं पुण्याला.

तात्याही गेले. त्यांच्या मुलाला तिथं मोसंबी लावायचीय. त्याचं म्हणणं साधं आहे, "दादा, मामांबद्दल आदर आहे, पण तुमचं जहाज उचला." बोटीत साप निघाला, दुसऱ्या वर्षी गांधीलमाश्यांचं पोळं. डेकवर पाय ठेवला की मऊ लागतं.

संभाजीनगरातल्या तीन भंगारवाल्यांना फोटो पाठवले. एक म्हणाला पत्रा असेल तर नेतो. दुसरा म्हणाला प्लॅस्टिक असेल तर नेतो. तिसऱ्यानं विचारलं, "ही आहे कशाची?" फायबर म्हटल्यावर फोन ठेवला.

अशी बोट कशी मोडतात, कोण मोडतं, त्या फायबरचं शेवटी करतात काय?

भंगारमास्तर_जालना

तिसरा खरा जाणकार निघाला. फायबर म्हणजे आमच्या धंद्यात नकोसा पाहुणा. वितळत नाही, दाबून गठ्ठा होत नाही, विकत कुणी घेत नाही. लोखंड आणा, रात्री बारा वाजता वजन करून घेतो. जालन्यात भट्ट्या आहेत, भंगारातून सळई होते. पण तुमच्या बोटीत लोखंड आहे किती?

उदगीरकर

मालक, काय करलालाव एवढा इचार? रॉकेल टाका, काडी लावा, मोकळं व्हा. 😀

चिमणचारा

उदगीरकर, गमतीतसुद्धा नको हो. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं रोहित येतात, चक्रवाक येतात. शिवाय संभाजीनगर आणि जालना हे पाणी पितात. त्या काठावर फायबर जाळणार?

फायबरवाला_वाळूज

माझं वाळूजला फायबरचं छोटं वर्कशॉप आहे. पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, बसचे डॅशबोर्ड. बोट कधी केली नाही, पण माल तोच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण ज्याला फायबर म्हणतो ती काचेच्या धाग्यांची चटई असते, पॉलिस्टर रेझिनमध्ये भिजवून वाळवलेली. रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते घट्ट होतं आणि त्यानंतर ते कधीच पुन्हा पातळ होत नाही. बादलीचं प्लॅस्टिक तापवलं की वितळतं, दुसरी बादली होते. हे तापवलं की फक्त जळतं. पोळी एकदा भाजली की तिची पुन्हा कणीक होत नाही, तसं.

जाळलं तर रेझिनचा काळा कोळशासारखा धूर होतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि बरीच विषारी घाण. आणि काच? काच तिथंच राहते, सुटी, भुरभुरीत. आधी निदान एका जागी होती, आता वाऱ्याबरोबर मोसंबीच्या पानावर. उदगीरकरांचा उपाय म्हणजे एक टन कचऱ्याचा अर्धा टन अधिक वाईट कचरा.

उदगीरकर

माघार घेतो मालक. काडी परत डबीत.

गोदाकाठ

मग बुडवून टाकायची. दगड भरायचे, मधोमध न्यायची. नाथसागर काय लहान आहे का?

चिमणचारा

एवढ्यात मी काय सांगितलं?

पैठणीचा_काठ

गोदाकाठ भाऊ, तुम्ही पैठणचे नाहीत हे कळलं. २०१६ आणि २०१९ ला धरण मृतसाठ्याच्या खाली गेलं होतं, लोक तळाच्या भेगांतून मोटारसायकली चालवत होते. बुडालेल्या गावांची जोती, विहिरींचे कठडे, सगळं वर आलं होतं. नाथसागरात काही बुडवून लपत नाही, चार-पाच वर्षांनी दुष्काळ येऊन पंचनामा करतोच.

जुनाखलाशी

धाग्यावर उशिरा आलो. आयुष्य मुंबईच्या बंदरात गेलं, मूळचा परभणीचा, म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी जवळचा.

बुडवण्याचं खूळ सगळीकडं आहे, फक्त आपल्याकडं नाही. लोक बोटीचं नाव खरवडतात, नंबर काढतात आणि रात्री सोडून देतात. फायबरच्या बऱ्याच छोट्या बोटींत तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो, त्यामुळं अशी बोट धड बुडतही नाही. अर्धी पाण्याखाली, अर्धी वर, कुणाच्या तरी जाळ्यात किंवा नावेच्या आडवी. मग सरकारी खर्चानं पाणबुडे उतरवा, पट्टे बांधा, हवेचे फुगे भरा. एक घनमीटर हवेचा फुगा साधारण एक टन वजन उचलतो. ऐकायला सोपं वाटतं, पण चिखलात रुतलेली बोट सुटताना एकदम उसळते आणि तिथं माणसं जखमी होतात. तुमची बोट कोरड्यात आहे हे नशीब समजा. पाण्यातून काढणं हा मोडण्याच्या खर्चाच्या कित्येक पट असतो.

आता मुद्द्याचं. कील शिशाची आहे का बिडाची (ओतीव लोखंडाची), हे आधी बघा. शिडाच्या बोटीत वारा शिडाला एका बाजूला ढकलतो, म्हणून खाली वजन लागतं. ते शिसं निघालं तर मोडायचा सगळा खर्च त्यातून सुटतो, वर दोन पैसे उरतात. खिशात चुंबक घेऊन जा, चिकटलं तर बीड, नाही चिकटलं तर शिसं.

आणि एक. बोटीच्या बुडाला जो निळा-लाल रंग असतो तो साधा नसतो. शेवाळ, शिंपले धरू नयेत म्हणून त्यात विष घातलेलं असतं. आता बहुधा तांब्याचं असतं; पूर्वी कथिलाच्या संयुगाचं असायचं, ते इतकं वाईट की समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नरासारखे अवयव फुटायला लागले. त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी सप्टेंबर २००८ पासून लागू झाली. तुमच्या मामांची बोट त्याआधीची आहे. म्हणून बूड कोरडं घासायचं नाही, ग्राइंडरनं तर मुळीच नाही. खाली ताडपत्री अंथरा, जे गळेल ते गोळा करा.

कडूलिंब

खलाशीकाका, फार आभार. रविवारी चुंबक घेऊन जातो. घरात सगळ्यांनी शिशाचे भाव बघायला सुरुवात केली आहे.

मोघम

गुजरातेत अलंगला का पाठवत नाही? जगभरातली जहाजं तिथं मोडतात.

जुनाखलाशी

अलंगला १९८३ पासून जहाजं मोडतात ती पोलादाची. तिथं सगळं अर्थकारण पोलादावर चालतं, भरतीच्या पाण्यावर जहाज किनाऱ्यात घुसवायचं आणि गॅस कटरनं कापायचं. तुमची २२ फुटी फायबरची बोट त्यांच्या दृष्टीनं जहाजावरच्या कचऱ्याचा एक डबा.

लाटालहरी

मी फ्रान्समध्ये ला रोशेलजवळ राहते, माहेर लातूर. इथं हा फार मोठा प्रश्न आहे, कारण साठ-सत्तरच्या दशकात मध्यमवर्गीय माणसानंही फायबरच्या बोटी घेतल्या आणि त्या सगळ्या आता एकदम म्हाताऱ्या झाल्यात. आमच्या बंदरात हिरव्या शेवाळानं माखलेल्या बोटींची एक रांगच आहे, मालक एक तर वारलेले किंवा गायब.

इथं २०१९ पासून एक व्यवस्था आहे. नवी बोट विकताना बनवणाऱ्यानं ठरावीक वर्गणी भरायची आणि त्या पैशातून जुन्या बोटी फुकट मोडायच्या. मालकानं फक्त बोट मोडणीच्या केंद्रापर्यंत पोहोचवायची, तो खर्च त्याचा. आणि तिथंच अडतं. बोट फुकट मोडून मिळते, पण ट्रेलर आणि क्रेनचं भाडं ऐकून लोक पुन्हा घरी जातात. नॉर्वेत २०१७ पासून छोटी बोट मोडीत दिली तर उलट मालकालाच हजार क्रोनर देतात. रक्कम फार नाही, पण बोट जंगलात फेकण्यापेक्षा बरी.

मी एक केंद्र बघून आले. पहिला अर्धा दिवस कुणी काही कापतच नव्हतं. बॅटरी काढ, डिझेल काढ, तेल काढ, संडासाची टाकी रिकामी कर, संकटात इशारा द्यायला सोडतात ते धुराचे बाण वेगळे कर (ते जुने झाले की फुटू शकतात). मग डोलकाठी, तारा, पितळी सामान, शिडं. शेवटी उरलेला सांगाडा पोकलेनच्या पंजानं दहा मिनिटांत चुरा. काढायला दिवस, तोडायला दहा मिनिटं.

कडूलिंब

ताई, आमच्याकडं केंद्रही नाही आणि क्रोनरही नाहीत. त्या चुऱ्याचं पुढं काय करतात?

लाटालहरी

बराचसा अजूनही जमिनीत पुरतात, खरं सांगायचं तर. काही सिमेंटच्या भट्टीत जातो.

फायबरवाला_वाळूज

सिमेंटचंच लिहायला आलो होतो. आत्तापर्यंत सापडलेला सगळ्यात शहाणा मार्ग तोच. सिमेंटच्या भट्टीत आतलं तापमान १४०० अंशांच्या वर असतं. रेझिन तिथं पूर्ण जळतं, कोळशाची बचत होते. आणि काच म्हणजे शेवटी वाळू आणि चुना. ती सिमेंटच्या कच्च्या मालात मिसळून जाते, राख मागं उरत नाही. जर्मनीत पवनचक्क्यांची जुनी पाती अशीच जातात.

आपल्याला भट्ट्या लांब नाहीत. पूर्वेला चंद्रपूरकडं गडचांदूर, आणि लातूर-धाराशिवकरांना तर सीमेपलीकडं वाडी, मळखेड, सेडम. पण भट्टीच्या दारात तुमची अर्ध्या टनाची ट्रॉली घेऊन गेलात तर वॉचमन आत सोडणार नाही. त्यांना माल बारीक केलेला लागतो, तपासलेला लागतो, ठरलेल्या प्रमाणात लागतो, कागदपत्रं लागतात. त्यामुळं मधे गोळा करून बारीक करणारा परवानाधारक असतो. आमच्या पट्ट्यातले सात-आठ वर्कशॉपवाले मिळून आमची कातरणं त्याच्याकडं देतो, किलोवर पैसे मोजून. कडूलिंबराव, तुम्ही दीड-दोन फुटांचे तुकडे करून, फोम आणि लाकूड वेगळं काढून माझ्या शेडवर आणलेत तर आमच्या मालात घालू. जो दर आम्हाला तोच तुम्हाला. मधे माझं काही नाही, चहा तुमच्याकडून.

धाराशिवकर_वकील

दोन गोष्टी कोरड्या सांगतो. एक, बोट मामांच्या नावावर असेल तर मामी आणि मुलींची लेखी संमती घ्या. भंगारातून चार पैसे आले की नातेवाइकांना बोटीचा पुळका येतो, हे मी व्यवसायात पाहिलंय. दोन, १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाजांचा कायदा आलाय, त्यात बुडालेल्या नावांबद्दल वेगळं प्रकरण आहे. तेव्हा "पाण्यात सोडली आणि विसरलो" हे आता चालत नाही. बांध धरणाच्या हद्दीला लागून असेल तर पाटबंधारे आणि वन विभागाला एक साधं पत्र देऊन पोच घ्या.

अवांतर: आमच्या बालाघाटावर भूम-वाशीकडं आणि तिकडं बीडच्या पाटोद्याकडं पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांची पाती याच जातीच्या मालाची, बोटीच्या कित्येक पट लांब. शेतकरी भाडेकरार करताना मी त्यात "यंत्र काढून नेण्याची जबाबदारी" असा एक परिच्छेद घालायला सांगतो. पक्षकार म्हणतो, वकीलसाहेब, अजून उभी व्हायचीय, तुम्ही उतरवायचं काय बोलता!

मोघम

बोट द्या ना धुळे-सोलापूर रस्त्यावरच्या एखाद्या ढाब्याला. बाहेर ठेवतील, पोरं फोटो काढतील.

कडूलिंब

विचारलं होतं. ढाबेवाला तयार होता, पण "तुम्ही आणून बसवून द्या, रंगवून द्या आणि वर दहा हजार द्या" म्हणाला. शिवाय डेक कुजलंय, एखादं पोर आत पडायचं. दहा वर्षांनी त्याचा मुलगा असाच धागा काढेल.

कडूलिंब (रविवार रात्री)

चुंबक चिकटलं.

भंगारमास्तर_जालना

😀😀 बीड निघालं. काळजी करू नका, बिडालाही भाव आहे. आणा जालन्याला.

पैठणीचा_काठ

बीड जिल्ह्यात नाही, बोटीखाली बीड. मराठवाड्याचा योग बघा.

जुनाखलाशी

हरकत नाही. आता कापताना एवढं लक्षात ठेवा. आधी बोटीचं अंग कापायला घेऊ नका. वरचं हलकं झालं की कील घोडीवर कलंडते, आणि ती चारशे किलोची असेल तर खाली माणसाचा पाय नको. आधी हायड्रा (छोटी क्रेन) बोलवा, रुंद पट्टे घाला (साखळी नको, फायबर चिरतं), वजन हायड्रावर घ्या. मग कील आणि बुडाच्या फटीतून करवत घालून बोल्ट कापा. नट खोलायच्या फंदात पडू नका, ते मामांच्या काळातच गंजलेत. गॅस कटर तर अजिबात नको. आत फोम आहे, रेझिन आहे, पेट घेईल. बोल्ट तुटले की बोट वर उचला, कील खाली राहते.

फायबरवाला_वाळूज

तुकडे करताना डायमंड पातं, आणि एकानं सतत पाण्याची धार धरायची. धूळ उडू द्यायची नाही. गमछा बांधून चालणार नाही, चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाहीचे कपडे. अंगाला लागलं तर गार पाण्यानं धुवा, चोळू नका. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. माझ्या बायकोनं लग्नानंतर पहिल्या महिन्यात हा धडा घेतला, अजून ऐकवते.

कडूलिंब (तीन आठवड्यांनी)

मंडळी, झालं. ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यासाठी सगळं लिहितो, चुकांसकट.

मामींची आणि दोन्ही बहिणींची संमती घेतली. मामी फोनवर बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "सुकाणूचा दांडा तेवढा आण." सागाचा आहे. आणला.

शुक्रवारी सामान काढलं. बॅटरी दुकानात परत दिली. छोट्या इंजिनातलं पेट्रोल केव्हाच उडून डिंक झालं होतं. शिडं उघडली तर उंदरांनी घर केलेलं. ताडपत्री म्हणून गड्याला द्यावी म्हटलं, पण उन्हानं कापड इतकं जीर्ण झालेलं की हातात फाटत होतं. आडवी काठी, ज्याला बूम म्हणतात, ती तात्यांच्या मुलानं मागून घेतली. चिंचा झोडायला.

शनिवारी हायड्रा. चालकानं आयुष्यात बोट उचलली नव्हती, पण उसाच्या कारखान्यातली यंत्रं उचललेली होती, त्यानं दोन मिनिटांत तोल ओळखला. बोल्ट कापायला दीड तास लागला. शेवटचा बोल्ट तुटला तेव्हा बोट हलकेच वर उसळली आणि गावातली पन्नासेक माणसं "एऽऽ" करून ओरडली. कील वजनकाट्यावर ३८० किलो भरली.

चूक झाली ती त्याच दुपारी. दोन मजूर होते, त्यातल्या एकानं मास्कमध्ये गुदमरतं म्हणून गमछा बांधला. मी अडवलं नाही, पाण्याची धार होती म्हणून. संध्याकाळी त्याच्या मानेवर आणि हातावर पुरळ, रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच मास्क मागायला आला. दोष माझा होता. त्याला त्या दिवसाची मजुरी जास्तीची दिली. ती खालच्या हिशोबात धरलेली नाही.

डेकच्या आत हलकं लाकूड भरलेलं होतं, ते सडून काळा लगदा झालेला. वास इतका की गावातली कुत्रीसुद्धा लांब बसली होती. दोन दिवसांत २२ फुटांची बोट एका टेम्पोत मावली. फायबर भरलं ६०० किलो.

हिशोब, कारण भंगारमास्तर विचारणार. बीड ११,४००, डोलकाठीचं अ‍ॅल्युमिनियम ३,७५०, स्टेनलेसच्या तारा १,०८०, पितळ १,८००. आले १८,०३०. गेले: हायड्रा ४,०००, मजुरी ३,२००, पाती १,८००, मास्क वगैरे १,५००, वाळूजपर्यंत टेम्पो ४,५००, आणि फायबर पुढं पाठवायचे ९,०००. एकूण २४,०००. पदरचे सहा हजाराला तीस कमी. कील शिशाची असती तर मी आज तुम्हा सगळ्यांना जेवण दिलं असतं.

सगळ्यात जड गेलं ते फायबरचे नऊ हजार. विकत घेतलेली वस्तू फेकायला पैसे मोजायचे, हे आमच्या घरात कुणाला पटेना. लहान मामा म्हणाले, "त्यापेक्षा खड्डा केला असता." मी त्यांना खड्डा कुणाच्या शेतात, एवढंच विचारलं.

चिमणचारा

बूड घासलं नाही ना?

कडूलिंब

नाही. रंगासकट कापलं, ताडपत्रीवर जे पडलं ते गोणीत भरून वेगळं दिलं.

फायबरवाला_वाळूज

माल आला, तपासला, फोम जरा राहिलाय पण चालेल. चहा राहिला.

लाटालहरी

वजन किती, खर्च किती, एवढं स्वच्छ इथल्या केंद्रावरही कुणी सांगत नाही.

जुनाखलाशी

डोलकाठी उतरवताना मागची तार आधी सोडली का पुढची?

कडूलिंब

काका, पुढची. आणि डोलकाठी थेट हायड्राच्या काचेवर गेली असती. चालकानं हातानं धरली.

जुनाखलाशी

हायड्रावाल्याला माझा नमस्कार सांगा.

गोदाकाठ

ती लोखंडी घोडी आहे का अजून? आमच्याकडं डिझेलची टाकी ठेवायला कामाला येईल. काय घ्याल?

कडूलिंब

काही नको, येऊन घेऊन जा. गुरुवारच्या आत या, शुक्रवारी मोसंबीचे खड्डे घेणार आहेत.